राजाचे प्रेम आणि राज्याचा मोह

भारतीय पुरुषार्थविचाराने काम आणि अर्थ यांना दोन स्वतंत्र स्थाने दिली आणि दोहोंवर धर्माचा अंकुश ठेवला. परंतु ज्याचा विवाह म्हणजे तह, ज्याची संतती म्हणजे वारसाहक्काचा दावा आणि ज्याचे शयनगृह म्हणजे राज्यरक्षणाचा एक विभाग असतो, त्या राजाच्या बाबतीत या दोन पुरुषार्थांची सीमा कोठे आखावी, हा प्रश्न त्या विचाराला सतत अडचणीत टाकत आला आहे. ही अडचण केवळ भारतीय नाही. ग्रीक आणि रोमन विचारवंतांसमोरही ती उभी होती, आणि तेथील इतिहासकारांनी तिच्यावर जे सोपे उत्तर रूढ केले ते आजही लोकमानसात टिकून आहे : प्रेम ही राजाची दुर्बलता होय, सत्ताकांक्षा हे त्याचे सामर्थ्य होय, आणि राजा प्रेमाच्या आहारी गेला की राज्य बुडते. ही विभागणी प्राचीन जगातील श्रेष्ठ विचारवंतांच्या स्वतःच्या कसोटीवर टिकत नाही. सत्तेचा ध्यास हाही विकारच आहे हे त्यांनी ओळखले होते. राजांच्या कथा सांगणाऱ्यांना मात्र त्याचा विसर पडला, आणि तो विसर बहुधा जेत्याच्या सोयीचा होता.

कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’च्या पहिल्या अधिकरणात इंद्रियजयाचा, म्हणजे इंद्रियांवर ताबा मिळवण्याचा, उपदेश करताना राजाचे सहा आंतरिक शत्रू सांगितले आहेत : काम, क्रोध, लोभ, मान, मद आणि हर्ष. संतवाङ्मयातून मराठी वाचकाच्या परिचयाचे झालेले षड्रिपू यांहून थोडे वेगळे आहेत. त्यांत मान आणि हर्ष यांच्या जागी मोह आणि मत्सर येतात. प्रत्येक शत्रूसाठी कौटिल्य नाश पावलेल्या राजांची उदाहरणे देतो. कामामुळे नष्ट झालेला राजा म्हणून तो दांडक्य भोजाचे नाव घेतो; एका ब्राह्मणकन्येच्या अभिलाषेपायी हा राजा आप्तांसह आणि राष्ट्रासह लयाला गेला. यानंतर वाचकाची अपेक्षा असते ती रावणाची, कारण परस्त्रीच्या मोहाने बुडालेला राजा म्हटले की प्रथम तोच आठवतो. कौटिल्याने मात्र रावणाला कामाच्या खात्यात घातलेले नाही. त्याला त्याने मानाच्या खात्यात घातले आहे, आणि त्याच्या शेजारी बसवले आहे ते दुर्योधनाला. एकाने दुसऱ्याची पत्नी परत दिली नाही, दुसऱ्याने राज्याचा वाटा दिला नाही. कौटिल्याच्या दृष्टीने दोघांचा रोग एकच आहे. सीतेचे हरण कामातून झाले असेल, पण लंका जळाली ती हातातले सोडणे अपमानास्पद वाटल्यामुळे, असे हे निदान सुचवते, आणि लंकेच्या विनाशाची याहून नेमकी राजकीय मीमांसा क्वचितच झाली असेल.

याच कौटिल्याने राजाने सुखहीन राहू नये, धर्म आणि अर्थ यांना बाध न आणता कामाचे सेवन करावे असेही म्हटले आहे. फक्त धर्म आणि काम दोन्ही अर्थावर अवलंबून असल्यामुळे अर्थ प्रधान, अशी त्याची भूमिका आहे. या भूमिकेची किंमत काय असते हे त्याच अधिकरणातील अंतःपुराविषयीच्या प्रकरणात उघड होते. कोणा राजाला राणीच्या महालात लपलेल्या भावाने मारले, कोणाला आईच्या शय्येत दडलेल्या पुत्राने, कोणाला राणीने मध म्हणून विष कालवलेल्या लाह्या खाऊ घातल्या, कोणा राणीने वेणीत शस्त्र लपवले होते, अशी यादी देऊन वृद्ध स्त्रियांकडून राणीची शहानिशा झाल्यावरच राजाने तिला भेटावे असे तो सांगतो. राजपुत्रांविषयी तर तो त्यांना जन्मदात्याला खाणाऱ्या खेकड्यांच्या पंक्तीला बसवणारे मत नोंदवतो. कामसेवनाची परवानगी आहे. परंतु ज्या विश्वासावाचून प्रेम संभवत नाही, त्या विश्वासाला या रचनेत जागाच उरलेली नाही.

ग्रीक विचाराने हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून हाताळला. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या संवादाच्या नवव्या भागात जुलमी सत्ताधीशाच्या अंतःकरणाचे जे विश्लेषण आले आहे, त्यात एक प्रबळ वासना आत्म्याच्या सिंहासनावर बसते, इतर वासनांना आपले शरीररक्षक नेमते आणि विवेकाला हद्दपार करते. अशा माणसाच्या बाबतीत प्रणयाची लालसा आणि राज्याची लालसा वेगळ्या करून दाखवता येत नाहीत, कारण मिळवलेल्यावर कधीही न थांबणे हे दोहोंचे लक्षण आहे. स्टोइक तत्त्वज्ञ, म्हणजे विवेकाने विकारांचे पूर्ण निरसन करावे असे मानणारा ग्रीक संप्रदाय, याहून पुढे गेले. त्यांच्या मते विकार म्हणजे एक चुकीचा निर्णय असतो : जे खरे श्रेय नाही त्याला श्रेय समजणे. त्यामुळे प्रणय, धनलोभ आणि कीर्तीची हाव ही त्यांनी एकाच वर्गात, इच्छेच्या वर्गात, बसवली. नाटककार युरिपिडीसच्या ‘फिनिशियन स्त्रिया’ या नाटकातील एटिओक्लीस, ज्याने भावाबरोबर आळीपाळीने राज्य करण्याचा करार मोडला, तो राजसत्तेला सर्वांत मोठी देवता मानतो आणि तिच्यासाठी ताऱ्यांपर्यंत जाण्याची भाषा करतो, ती भाषा मुत्सद्द्याची नाही, प्रियकराची आहे. न्याय मोडायचाच असेल तर तो राज्यासाठी मोडावा, या अर्थाचे त्याचे उद्गार ज्युलियस सीझरच्या तोंडी नेहमी असत, असे सिसेरोने नोंदवले आहे. ज्याच्या प्रेमप्रकरणांवर त्याचे स्वतःचे सैनिक विजययात्रेत गाणी गात, त्या सीझरला कोणत्या विकाराने प्रजासत्ताकाच्या सीमेपार नेले, हे सिसेरोला नीट कळले होते.

एवढी विचारसंपदा हाताशी असूनही मार्क अँटनी आणि क्लिओपात्रा यांची कथा सांगताना तिचा उपयोग एकाच बाजूने झाला. अँटनीच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी त्याचे चरित्र लिहिणारा प्लुटार्क स्वतः प्लेटोचा अनुयायी होता. अँटनीने क्लिओपात्राला पुन्हा बोलावून घेतले त्या प्रसंगी तो प्लेटोच्या रूपकातील आत्म्याच्या अनावर घोड्याचे स्मरण करतो; हितकारक असे सारे काही लाथाडून तो घोडा उधळला, असा त्याचा निर्वाळा आहे. या निर्वाळ्याची छाननी घटनाक्रमाच्या आधारे करता येते, आणि ती करणे आवश्यक आहे.

इ. स. पू. 41 मध्ये टार्सस येथे दोघांची भेट झाली तेव्हा पूर्वेकडील प्रांतांचा अधिपती झालेल्या अँटनीला पार्थियावरील स्वारीसाठी इजिप्तचा पैसा आणि रसद हवी होती, तर टॉलेमी घराण्याच्या या राणीला रोमचे संरक्षण आणि प्रतिस्पर्धी बहीण आर्सिनोई हिचा नायनाट हवा होता. आर्सिनोईचा वध त्याच वर्षी अँटनीच्या आज्ञेने झाला. पुढच्या वर्षी अँटनी इटलीला परतला, सीझरचा दत्तक वारस ऑक्टेव्हियन याच्याशी तह करून त्याची बहीण ऑक्टेव्हिया हिच्याशी विवाहबद्ध झाला, आणि त्याच वर्षी क्लिओपात्राला त्याच्यापासून जुळी मुले झालेली असताना तीन वर्षांहून अधिक काळ तिच्याकडे फिरकला नाही. उधळलेला घोडा इतका काळ थानावर शांत उभा राहत नाही. इ. स. पू. 37 मध्ये अँटिओक येथे त्यांची पुनर्भेट झाल्यावर त्याने तिला जे प्रदेश दिले त्यांत जहाजबांधणीच्या लाकडासाठी उपयुक्त असा किलिकियाचा भाग होता, आणि आरमाराची गरज दोघांनाही होती. याउलट ज्युडिया हा प्रदेश तिने वारंवार मागितला, असे ज्यू इतिहासकार जोसेफस सांगतो. अँटनीने तो तेथील मांडलिक राजा हेरोड याच्याकडेच राहू दिला आणि तिला जेरिकोच्या आसपासच्या बलसान नावाच्या सुगंधी झाडांच्या बागांवर समाधान मानावे लागले, ज्या हेरोडने पुढे तिच्याकडून खंडाने घेतल्या. प्रेमाच्या पूर्ण आहारी गेलेल्या माणसाने उपयुक्त मांडलिक राजा इतक्या जपून सांभाळला नसता.

प्रेम आणि सत्ता यांची खरी सरमिसळ इ. स. पू. 34 मध्ये अलेक्झांड्रियाच्या समारंभात दिसते. त्या दिवशी रुप्याच्या व्यासपीठावर सोन्याची सिंहासने मांडून मुलांना राज्ये वाटण्यात आली : सहा वर्षांच्या अलेक्झांडर हेलिओसला आर्मेनिया, मीडिया आणि अजून जिंकायचाच असलेला पार्थिया, दोन वर्षांच्या टॉलेमी फिलाडेल्फसला सीरिया आणि किलिकिया, क्लिओपात्रा सेलेनीला सायरेनेका. सीझरपासून क्लिओपात्राला झालेला सीझेरियन हा सीझरचा खरा पुत्र म्हणून घोषित झाला. ही घोषणा ऑक्टेव्हियनच्या मर्मावर होती, कारण सीझरचा वारस म्हणून त्याचा हक्क केवळ दत्तकविधानावर उभा होता. या समारंभात पित्याचे वात्सल्य कोठे संपते आणि साम्राज्याचा आराखडा कोठे सुरू होतो हे सांगता येणार नाही, आणि बहुधा त्या पित्यालाही सांगता आले नसते.

ऑक्टेव्हियनला मात्र हे सांगणे भाग होते. यादवी युद्धे संपली असे त्याने इ. स. पू. 36 मध्ये जाहीर केले होते. आता दुसऱ्या रोमन सेनापतीवर शस्त्र उचलायचे तर ते युद्ध परकीय शत्रूविरुद्ध आहे असे दिसायला हवे होते. म्हणून इ. स. पू. 32 मध्ये वेस्टा देवतेच्या पुजारिणींकडे ठेवलेले अँटनीचे मृत्युपत्र त्याने हस्तगत करून वाचून दाखवले, ज्यात अलेक्झांड्रियात दफन करण्याची इच्छा होती असे सांगण्यात आले, आणि युद्ध पुकारले ते एकट्या क्लिओपात्राविरुद्ध. अँटनी शत्रू नव्हे, तर परस्त्रीने भारून टाकलेला आणि स्वतःवरचा ताबा गमावलेला दुर्दैवी रोमन, ही प्रतिमा या विधिनियमांच्या गरजेतून घडली. प्रेमवेडा अँटनी ही व्यक्तिरेखा जितकी नीतिशास्त्राची तितकीच युद्धघोषणेची निर्मिती आहे. इ. स. पू. 31 मध्ये 2 सप्टेंबरला अॅक्टियमच्या सागरी लढाईतून क्लिओपात्राची 60 जहाजे निसटली आणि अँटनी त्यांच्या मागे गेला, याचे स्पष्टीकरणही प्लुटार्क प्रेमाने करतो. पण लढाईपूर्वी जहाजांवर शिडे चढवून घेण्याचा अँटनीचा हुकूम तोच नोंदवतो, आणि लढाईत अडचणीची ठरणारी शिडे वेढा फोडून बाहेर पडण्याचा विचार असल्यावाचून कोणी बरोबर घेत नाही.

येथे उलट टोकाची चूकही टाळायला हवी. सारे राजकारणच होते, प्रेम हे केवळ सोंग होते, असे म्हणणारा आधुनिक अभ्यासक प्लुटार्कचीच चूक वेगळ्या रीतीने करतो, कारण हेतू एकच असला पाहिजे हे गृहीतक त्यानेही सोडलेले नसते. ज्या मैत्रीतून, संसारातून किंवा उद्योगातून दोघांचेही हित साधते तेथे आपुलकी असूच शकत नाही, असे सामान्य माणसाच्या बाबतीत कोणी म्हणत नाही. राजांनाच ही कसोटी का लावावी, याचे समाधानकारक उत्तर आढळत नाही. क्लिओपात्राच्या मनाविषयी तिचे स्वतःचे एकही वाक्य उरलेले नसल्यामुळे तिच्या बाबतीत निवाडा देण्याची घाई तर मुळीच योग्य नव्हे.

विवेकाचा विजय म्हणून ज्याचा गौरव झाला त्या ऑक्टेव्हियनच्या, म्हणजे पुढच्या ऑगस्टस सम्राटाच्या, घरातील व्यवहार याच मापाने मोजले तर चित्र बदलते. कन्या ज्युलिया जन्मली त्याच दिवशी त्याने तिची आई स्क्रिबोनिया हिला घटस्फोट दिला, आणि इ. स. पू. 38 मध्ये लिव्हियाशी विवाह केला, तेव्हा ती पहिल्या पतीपासून गरोदर होती. तो विवाह अर्धशतकाहून अधिक टिकला, त्यात खरी प्रीती होती असे मानायला जागा आहे, आणि लिव्हियाच्या उच्च कुळाचा राजकीय उपयोगही झाला. म्हणजे अँटनीवर ज्या मिश्रणाचा आरोप झाला तेच मिश्रण येथेही होते, फक्त हा पक्ष जिंकला. इ. स. पू. 18 मध्ये व्यभिचाराविरुद्ध कायदा करून त्याने समाजाच्या नीतीची जबाबदारी घेतली, पण ज्युलियाचे तीन विवाह वारसाच्या गणितानुसार लावले. तिसऱ्या विवाहासाठी सावत्र पुत्र टायबेरियस याला, त्याची पत्नी विप्सानिया गरोदर असताना, तिच्यापासून घटस्फोट घ्यावा लागला. पुढे तिच्याशी एकदा अकस्मात गाठ पडली तेव्हा तो डोळ्यांत पाणी आणून तिच्याकडे पाहत राहिला आणि ती पुन्हा त्याच्या दृष्टीस पडू नये अशी व्यवस्था करण्यात आली, असे चरित्रकार सुएटोनियस सांगतो. ज्युलिया इ. स. पू. 2 मध्ये व्यभिचाराच्या आरोपावरून पँडेटेरिया बेटावर हद्दपार झाली. या प्रकरणात विवेकाचा पक्ष कोणता आणि विकाराचा कोणता, हे स्टोइकांच्या व्याख्येनुसार तपासले तर आपल्या पत्नीवर संतुष्ट असलेला टायबेरियस हा शहाणा ठरतो आणि वंशसातत्याला सर्वोच्च श्रेय समजणारा सम्राट हा विकारग्रस्त ठरतो. रोमन नीतिकथांनी असा निर्णय कधी दिला नाही.

भारतीय परंपरेत हा संघर्ष अधिक सूक्ष्मपणे मांडणारी कृती म्हणजे भासाच्या नावावरील ‘स्वप्नवासवदत्त’. वत्सदेशाचा राजा उदयन राज्याचा मोठा भाग गमावून बसला आहे. मगधाची मदत मिळवण्यासाठी त्याने मगधराजाची बहीण पद्मावती हिच्याशी विवाह करणे आवश्यक आहे, आणि त्याची लाडकी राणी वासवदत्ता जिवंत असेपर्यंत तो दुसरा विवाह करणार नाही. म्हणून मंत्री यौगंधरायण लावाणक गावी आग लावून राणी जळाल्याची आवई उठवतो आणि तिला तिच्याच संमतीने वेष पालटून पद्मावतीजवळ ठेवतो. येथे प्रेम राज्याच्या आड येते, पण दोषी म्हणून नव्हे. राजाचे प्रेम इतके खरे आहे की राज्य वाचवायचे तर त्याच्यापासून सत्य लपवावे लागते, आणि राज्यलाभाची सारी किंमत जिला मोजावी लागते ती राणी आपल्याच पतीच्या विवाहाची माला गुंफत बसते. नाटककाराने शेवट गोड केला असला तरी मंत्री अखेरीस क्षमा मागतो, हे विसरता येत नाही. राज्य मिळाल्यानेच कृत्याचे समर्थन झाले असते तर त्या क्षमायाचनेची गरज नव्हती.

नाट्यसृष्टीबाहेर अशा राजकन्यांचा आवाज क्वचितच ऐकू येतो. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या प्रभावतीगुप्ता विदर्भाच्या वाकाटक घराण्यात रुद्रसेन (दुसरा) याला दिलेली होती, आणि पतीच्या निधनानंतर तिने अल्पवयीन पुत्रासाठी राज्यकारभार पाहिला. रामटेकजवळच्या नंदिवर्धन येथून दिलेल्या आणि पुण्यात सापडलेल्या तिच्या ताम्रपटात प्रारंभीची वंशावळ सासरची नाही, माहेरच्या गुप्तांची आहे. तह म्हणून दिलेल्या कन्येने तहाचे दुसरे टोक शेवटपर्यंत हातात ठेवले होते, एवढे त्यावरून निश्चित दिसते. त्या संसारातील प्रीतीविषयी ताम्रपट बोलत नाही, आणि बोलावे अशी त्याच्याकडून अपेक्षाही नाही.

रोमच्या पडझडीच्या काळात ख्रिस्ती तत्त्ववेत्ता संत ऑगस्टीन याने या साऱ्या परंपरेवर जे भाष्य केले त्याने जुनी विभागणी पुरती उलटून टाकली. इ. स. 410 मध्ये रोम लुटले गेल्यानंतर लिहायला घेतलेल्या ‘ईश्वराची नगरी’ या ग्रंथात तो प्रभुत्वाच्या वासनेला ऐहिक राज्याची मूळ प्रेरणा मानतो, आणि इतरांवर सत्ता गाजवू पाहणारी ही नगरी स्वतःच त्या वासनेची दासी असते असे दाखवतो. रोमनांनी इतर वासना आवरल्या हे तो नाकारत नाही. पण कीर्तीच्या एका प्रबळ वासनेने त्या आवरल्या असतील तर त्याला तो सद्गुण म्हणायला तयार नाही. या कसोटीने पाहिले म्हणजे टायटस सम्राटाचा प्रख्यात त्यागही संशयास्पद होतो. ज्युडियाच्या राजघराण्यातील बेरेनिसवर त्याचे प्रेम होते, पण रोमला पूर्वेकडची दुसरी राणी नको होती. म्हणून सम्राटपदावर आल्यावर त्याने तिला, तिच्या आणि स्वतःच्याही मनाविरुद्ध, रोमबाहेर पाठवले. काम जिंकला गेला खरा, परंतु तो जिंकणारा धर्म होता की लोकप्रियतेची गरज, हा प्रश्न सुएटोनियसला पडलेला दिसत नाही.

तो प्रश्न पडला आणि रंगभूमीवर उघडपणे विचारला गेला तो कितीतरी नंतर, विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीकडून. ‘उत्तररामचरिता’तील राम प्रजेच्या आराधनेसाठी स्नेह, दया, सुख किंवा प्रत्यक्ष जानकीचाही त्याग करताना आपल्याला व्यथा होणार नाही असे पहिल्या अंकात सांगतो, आणि लगेच ते करून दाखवण्याची वेळ त्याच्यावर येते. परंपरेच्या दृष्टीने हा राजधर्माचा परमोच्च क्षण आहे. भवभूतीने मात्र तिसऱ्या अंकात बारा वर्षांनी रामाला पंचवटीत आणले आहे आणि तेथे वासंती या वनदेवतेला त्याच्यासमोर उभे केले आहे. देवत्व, राजपद, वंशकीर्ती यांपैकी कशाचीही भीड न ठेवता ती त्याला कठोर म्हणते. यशच प्रिय होते तर निरपराध पत्नीला रानात सोडण्याहून मोठे अपयश कोणते, असा तिचा सवाल आहे. कौटिल्याने रावणाच्या बाबतीत जो मानाचा शत्रू ओळखला होता, त्याचीच सावली ती रामाच्या त्यागात पाहते आहे. हे अकार्य का केले, असे तिने विचारल्यावर राम कोणत्याही शास्त्राचा आधार घेत नाही; लोकांना सहन होत नव्हते, इतकेच तो सांगतो. आणि का सहन होत नव्हते, या तिच्या पुढच्या प्रश्नावर, ते त्या लोकांनाच ठाऊक, यापलीकडे त्याच्याजवळ उत्तर नाही.